हार घातलेल्या गाड्यांची मोजणी

गाडी चांगली की वाईट, हे मी बघितलंच नव्हतं. किती खपतात तेवढं बघितलं आणि पत्रक लिहिलं. ते वाचून गाडी घेतलेला माझ्या माहितीतला एकच माणूस, आणि तो माझा सख्खा मोठा भाऊ. या गोष्टीला दोन वर्षं झाली. राग उतरलेला नाही. फक्त तो कुणावर धरायचा, ते मध्ये मध्ये बदलत राहिलं.

त्या वेळी मी शेवगावात ग्राहकांच्या एका संघटनेचं काम करायचो. संघटना म्हणजे बाजारपेठेतली एक खोली, दोन बाकडी आणि सर. सर हायस्कुलातून निवृत्त झालेले. पत्रक कसं लिहायचं ते मला त्यांनी शिकवलं, आणि त्यासाठी मी त्यांना आजही नावं ठेवणार नाही. मी लिहून न्यायचो की रेशन दुकानदार रॉकेलची लूट करतो. सर तांबड्या पेनानं ‘लूट’ खोडायचे आणि विचारायचे, “किती मिली?” मग मी घरचं माप पिशवीत घालून रेशनच्या रांगेत उभा राहायचो आणि सगळ्यांच्या देखत मोजायचो. युरियाच्या गोणीबरोबर शेतकऱ्याच्या गळ्यात नको असलेली औषधाची बाटली मारतात, हेही आम्ही असंच दुकानादुकानातून पावत्या गोळा करून लिहिलं. मोजल्याशिवाय लिहायचं नाही, हा सरांचा नियम. मला तो धर्मासारखा वाटायचा.

मग ती गाडी आली.

तोवर आमच्याकडं मोटारसायकल म्हणजे सपाट सीट, मागं कॅरिअर, बाजूला साडीगार्ड, पुढं लेगगार्ड, चेनवर पत्र्याचं झाकण. ही नवी स्पोर्ट गाडी यातलं काहीच घेऊन आली नव्हती. टाकी फुगलेली, हँडल आखूड, इंजिन सगळं उघडं, आणि सीट मागच्या बाजूला विंचवाच्या नांगीसारखी वर उचललेली. आमच्या आईनं ती पहिल्यांदा बघितली तेव्हा तोंडाला पदर लावला. “आगं बया, नागडीच हाय की ही!” आणि या नागडेपणाचे साध्या गाडीपेक्षा पैसे जास्त. सामान कमी, किंमत जादा. मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. खटकलंही. पण रस्त्यानं ती गेली की टपरीवरची सगळी तोंडं एका बाजूला वळायची, आणि खोलीवर येणारे लोक खतांचं सोडून तिचंच विचारायला लागले. घ्यावी का? पैसे वसूल होतात का? मिस्त्र्यांना विचारावं तर एक म्हणायचा पिकअप बघा, दुसरा म्हणायचा पेट्रोल बघा.

सर म्हणाले, “आपण काही इंजिनियर नाही. लोक काय घेतायत ते मोज. शे-दोनशे माणसं स्वतःचा पैसा घालताना चुकत नाहीत.”

मोजायचं कसं, हे मला लगेच सुचलं, आणि सुचलं म्हणून मी स्वतःवर खूशही झालो. नवी गाडी घेतली की त्याच दिवशी तिला झेंडूचा हार घालायचा, टाकीवर गुलाल टाकायचा, नारळ फोडायचा आणि गावातून फिरवत देवाला न्यायची. दुसऱ्या दिवशी तो हार गोठ्यात म्हशीच्या पुढं. म्हणजे हार दिसला की गाडी आजची आणि विकलेली. यात शंका घ्यायला जागा कुठं होती? शोरूमवाल्याच्या वहीवर मी विश्वास ठेवला नसता. झेंडूच्या हारावर ठेवला.

बाजाराच्या दिवशी एस.टी. स्टँडसमोरच्या पायरीवर वही घेऊन बसायचो. अकराच्या सुमाराला शोरूमकडून हॉर्न वाजवत वरात यायची. कोऱ्या शर्टातली माणसं, कपाळाला नाम, एखाद्याच्या मागं बायको, तिचा पदर चाकात जाऊ नये म्हणून मांडीखाली दाबलेला. बाजारातून एक फेरा, मग देवळाकडं. चार बाजार मी ऊन खात बसलो. स्पोर्ट गाडीचे हार एकवीस. बाकी सगळ्या कंपन्यांचे मिळून सात.

पत्रकात मी लिहिलं होतं, “चार बाजारांत या गाडीच्या एकवीस गाड्या विकल्या गेल्या.” सरांनी ‘विकल्या गेल्या’ खोडून ‘हार घालून फिरताना दिसल्या’ असं केलं. मला वाटलं, काय काटेकोर माणूस आहे. खाली माझं वाक्य तसंच राहिलं: जास्त पैसे मोजूनही लोक हीच गाडी पसंत करतात, याचा अर्थ पैसा वसूल होतो.

दादा तेव्हा दूध संघात नुकताच लागला होता, तोही कच्चा. काम गाईंना कृत्रिम रेतन करायचं. गाय माजावर आली की वस्तीवरून निरोप यायचा, की दादानं पोचायचं. उशीर झाला की माज गेला, आणि मग तीन आठवडे वाट. त्याच्याजवळ नायट्रोजनचं एक ॲल्युमिनियमचं भांडं असायचं. लोकांना ते दुधाच्या किटलीसारखं वाटायचं, पण आत इतकं गार की बोट घातलं तर बोट जावं. त्या गारव्यात वीर्याच्या कांड्या बुडवून ठेवलेल्या. भांडं उभंच राहायला हवं. कललं, हिंदकळलं की नायट्रोजन उडून जातो आणि कांड्या मरतात. वर बघून काही कळत नाही. गाय मात्र पुन्हा माजावर येते. त्याला आमच्याकडं गाय उलटली म्हणतात.

सायकलवरून त्याला वस्त्या उरकत नव्हत्या. संघाची अट होती, स्वतःची मोटारसायकल पाहिजे, तर कायम करू. वहिनीच्या माहेरून थोडं आलं, थोडं दादानं साठवलेलं होतं. साधी घ्यायची की स्पोर्ट, यावर घरात आठ दिवस बोलणं चाललं. एका संध्याकाळी दादानं माझं पत्रक घडी घालून खिशातून काढलं.

“ह्ये तूच लिहिलंय ना?”

“मीच.”

“मोजून?”

“चार बाजार बसलोय दादा. एक एक गाडी.”

“मग झालं की,” दादा म्हणाला. “आपल्या घरातच मोजणारा हाय आन् मी लोकांना काय इचारत बसलोय?”

गाडी आणायला मी बरोबर गेलो होतो. शोरूमच्या माणसानं हार पुढं केला. दादा म्हणाला, “आमच्यात हार-नारळ नसतंय. गाडी पुसून द्या फक्त.” छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर घरातले देव गेले तसे आमच्या आजोबांनी नारळही सोडले होते, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पण तो माणूस अडूनच बसला. “साहेब, निदान स्टँडपर्यंत तरी घालून न्या. मग काढा.” दादानं मान हलवली आणि गाडी बिनहाराची घरी आणली. मी मागं बसलो होतो. पिकअपनं माझी मान मागं गेली आणि आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखं हसलो. गाडी खोटी नव्हती, हे मला लिहिलंच पाहिजे. चढाला ती गिअर न बदलता जायची.

पहिल्याच दिवशी भांडं कुठं ठेवायचं हा प्रश्न आला. कॅरिअर नव्हतंच, आणि बसवायलाही तिला जागा नव्हती. दादानं ते मागच्या सीटवर रबरी ट्यूबनं बांधलं. सीट उचललेली, म्हणून भांडं पुढं झुकायचं. त्यानं खाली लाकडाची पाचर ठोकली. खडकाळ रस्त्यावर पाचर निघायची. मग त्यानं पोत्याची चुंबळ केली. दीड महिना हेच.

आणि गाई उलटायला लागल्या. आधी दोन, मग बऱ्याच. वस्तीवरची माणसं दादाच्या तोंडावर बोलायला लागली. “डाक्टर, तुमच्या गाडीला लई पळ हाय, पर गाय काय गाभण ऱ्हाईना!” एका म्हातारीनं तर सांगितलं, “तू सायकलीवर येत हुता तवा बरा हुतास बाबा.” दादा घरी येऊन जेवायचा नाही. स्वतःच्या हाताकडं बघत बसायचा, जणू दोष हातात आहे.

संघाचे सुपरवायझर आले तेव्हा मी घरीच होतो. त्यांनी भांड्यात लाकडी पट्टी घातली, बाहेर काढली, हवेत हलवली. जिथवर नायट्रोजन असतो तिथवर पट्टीवर बर्फ धरतं. पट्टी कोरडी होती.

“किती दिवसांनी भरता?”

“ठरल्यापरमानं, साहेब. आठवड्याला.”

“मग जातो कुठं?” त्यांनी गाडीकडं बघितलं, सीटवरच्या चुंबळीकडं बघितलं, आणि हसले नाहीत. “अहो, ही काय भांडं न्यायची गाडी आहे? महिनाभरात सपाट कॅरिअरची गाडी आणा. नाही तर भांडं जमा करा, आम्ही दुसरा माणूस बघतो.”

म्हणजे महिनाभरात ही गाडी विकायची आणि दुसरी घ्यायची. नाही जमलं तर नोकरी गेली, आणि दादाच्या मागं दोन पोरं.

ते गेल्यावर मी दादाला विचारलं, “तुला सीट दिसली नव्हती का रे घेताना?”

“दिसली हुती की.”

“मग?”

“म्हणलं तू मोजलंय म्हणल्यावर आपलंच काय तरी चुकत असंल. एवढी लोकं घेत्यात.”



त्याच आठवड्यात मी शोरूमवर गेलो. गाडीला कॅरिअर बसवून मिळतं का ते विचारायचं होतं. दादाला हार देणारा माणूस नव्हता. दुसराच एक जण होता, मला न ओळखणारा. मी काही बोलायच्या आत त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“गाडी चालवता येती का?”

“येती.”

“बाजारच्या दिवशी मोकळा हायेस? कोरा शर्ट घालून ये. दोन तासाचं काम हाय, जेवन आमच्याकडं. बायकू असली तर घेऊन ये, जोडीला जादा देतो.”

मी म्हटलं, “काम काय?”

“गाडीवर बसायचं, हार घालून. स्टँड, बाजार, देऊळ. गाडी इथं आनून लावायची. बास.”

“किती जण असतात?”

“पाच-सहा गाड्या असत्यात. गाड्या त्याच, मानसं तेवढी बदलतो आमी. तीच ती तोंडं दिसली तर लोकांना कळंल ना!”

आणि तो मोकळेपणानं हसला, जसं आपल्या माणसाजवळ हसावं.

एकवीस हार मी ऊन खात मोजले होते. ते पाच-सहा गाड्यांचे होते. आणि ज्या गाडीची पावती मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, ज्यात माझ्या वहिनीच्या माहेरचा पैसा होता, ती माझ्या मोजणीत आलीच नसती. तिला हार नव्हता.

तसाच सरांकडं गेलो. ते पुरवण्या बांधायच्या दोऱ्यानं जुनी पत्रकं बांधत होते. मी सगळं सांगितलं. माझी अपेक्षा होती की ते उठून चप्पल घालतील. सर म्हणाले, “बस.”

“बसायला नाही आलो सर. उद्याच्या उद्या दुसरं पत्रक काढायचं.”

“अरे, ती जाहिरात आहे. दुकानदार दुकान सजवणारच.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“अंदाज होता.”

“मग मला उन्हात कशाला बसवलं चार बाजार?”

“मी मोज म्हणालो, तू मोजलंस. आकडा खोटा आहे का? आपण लिहिलं, दिसल्या. त्या दिसल्याच होत्या.”

तेव्हा मला तांबड्या पेनाची ती खूण कळली. मी ज्याला काटेकोरपणा समजलो होतो ती पळवाट होती, आणि ती त्यांनी माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी ठेवली होती.

“सर, तुम्ही काही घेतलं का शोरूमवाल्याकडून?”

ते रागावले नाहीत. कोपऱ्यातल्या कागदाच्या रिमांकडं त्यांनी बोट दाखवलं. “वर्षभराचा कागद. रॉकेलचं पत्रक कशावर छापलं असं वाटतं तुला? खताचं? वर्गणी किती जमते ते तुला माहीत आहे. एका शोरूमची जाहिरात झाली आणि त्यावर चार कामं झाली. हिशेब लाव.”

मी हिशेब लावला नाही. लावला असता तर कदाचित ते बरोबर ठरले असते, याची मला भीती वाटली. मी एवढंच म्हणालो, “माझ्या भावानं घेतली ती गाडी.”

सरांचा हात दोऱ्यावर थांबला. “तुझ्या भावानं? मग तू त्याला घ्यायच्या आधी चालवून बघायला का नाही सांगितलंस?”

त्यांच्याकडं मी परत गेलो नाही. पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पैसा वसूल होतो की नाही, हे गाडीवर नसतंच. कोण कशासाठी घेतो यावर असतं. एवढी साधी गोष्ट म्हशीच्या बाजारात अडाणी माणूस सांभाळतो. दात बघतो, चालवून बघतो, दूध काढून बघतो. शेजाऱ्यानं कोणती नेली ते बघून म्हैस कोणी घेत नाही. आणि मी, मापं घेऊन रांगेत उभा राहणारा, गर्दी मोजत बसलो.

दुसरं पत्रक मी एकट्यानं लिहिलं. विशेषणं न खोडता. भाडोत्री माणसं, त्याच त्याच गाड्या, कागदाची रिमं, सगळं. खाली स्वतःचं नाव घातलं आणि लिहिलं की पहिलं पत्रकही माझंच होतं. नगरला जाऊन छापायचं ठरवलं. आदल्या दिवशी दादाला वाचून दाखवलं. मला वाटलं त्याला बरं वाटेल.

त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. “चांगलं लिहिलंय,” तो म्हणाला. “पर आत्ता काढू नको.”

“का?”

“आरं येड्या, गाडी इकायची हाय मला. ह्ये वाचल्यावर कोन घील? महिन्यातलं दहा दिस गेलं. इकली का मग काढ. हजार काढ.”

मी थांबलो. सत्य दडवून ठेवलं, असं म्हणा. मी तसंच म्हणतो.

तीन जण बघून गेले. चौथा काष्टी गावचा होता, माझ्याच वयाचा, घरचा ऊस असलेला. बैलबाजाराला आला होता, त्याला कुणीतरी सांगितलं. गाडी बघताच त्याचे डोळे चमकले. फेरा मारून आला, रस्त्यावर धूळ उडाली, पोरं मागं पळाली. दादानं भाव सांगितला. त्यानं घासाघीस केली नाही; फक्त टाकीवरून हात फिरवत म्हणाला, “गाडी खपती मातर लई, न्हाई का?”

दादा माझ्याकडं बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता. वहिनी दारात चहाचे कप घेऊन उभी होती. मला गप्प बसायचं होतं. खरंच बसायचं होतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर मी एकदा खोटं छापलं होतं, आणि आता तो प्रश्न माझ्या अंगणात येऊन उभा होता.

“नाही खपत,” मी म्हणालो. “भाड्यानं माणसं बसवून, हार घालून फिरवतात. पाच-सहाच गाड्या आहेत. पेट्रोल पिती, ऑईल वेगळं घालावं लागतं, मागं काही बांधता येत नाही.”

दादानं डोळे मिटले.

काष्टीवाला खदाखदा हसला. “आवो, ह्ये कुनाला म्हाईत न्हाई? आमच्या बाजारात बी तसंच फिरवत्यात. माझा मावसभाऊ दोनदा बसलाय, फुकाट जेवून आला! तुमाला आत्ता कळलं व्हय?” मग तो दादाकडं वळला, आणि आवाज एकदम व्यापाऱ्याचा झाला. “मला काय बांधायचं न्हाई मागं, मला बसायचंय. गाडी घेनार मी. पर तुमचा भाऊच आसं सांगतोय म्हणल्यावर, पावनं, त्या भावानं कशी देता? तीन हजार कमी करा.”

“तीन लई होत्यात.”

“मग तुमच्या भावालाच इचारा की, किती कमी करायचं त्ये.”

दादानं माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर मी ती घेतली असती. तो म्हणाला, “न्या. चहा घ्या आदी.”

तीन हजार कमी म्हणजे नवी साधी गाडी हातातून गेली. आता जुनीच बघावी लागणार होती, आणि महिन्यातले चौदा दिवस उरले होते. माझ्या खरं बोलण्यानं ना शोरूमवाल्याचं काही गेलं, ना सरांचं. काष्टीवाला खुशीत गेला. जे काही गेलं ते दादाचं गेलं. आणि सगळ्या बाजाराला माहीत असलेली गोष्ट मला सांगावी असं एकालाही का वाटलं नाही, हे मला आजही कळत नाही. मी पायरीवर वही घेऊन बसायचो तेव्हा समोरचा टपरीवाला मला दर बाजारी चहा द्यायचा. तोही काही बोलला नाही.

दोन दिवसांनी दादा जुनी गाडी बघायला पाथर्डीला निघाला. एका मास्तरांची साधी हंड्रेड सीसी गाडी होती, सपाट कॅरिअरची. मी सकाळीच आंघोळ करून, शर्ट घालून अंगणात उभा होतो. मिस्त्रीकडून चेन, टायर, चेनच्या चक्राचे दाते, इंजिनाचा आवाज, सगळं विचारून चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं.

दादानं नायट्रोजनचं रिकामं भांडं पिशवीत घालून खांद्याला अडकवलं, कॅरिअरवर ठेवून बघायला. शेजारचा गवंडी त्याच्यासोबत चालला होता. त्याला गाडीतलं काही कळत नाही. त्याच्याकडं सायकलसुद्धा नाही.

“चल, आलो मी,” मी म्हणालो.

दादा चप्पल घालता घालता थांबला. आवाज चढवला नाही. त्यानं तो माझ्यावर कधीच चढवला नाही.

“तू नको येऊ,” तो म्हणाला. “तू ऱ्हा घरी. मी बघतो माझं.”